ऑफिसचं जुनं नाटक पुन्हा उभं करताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

कचेरीतल्या माणसांवर लिहिलेली, एकेकाळी हौशी मंडळांनी गावोगावी केलेली आणि आता नावानंही कुणाला न आठवणारी नाटकं पुन्हा करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आमच्या बँकेतल्या नाट्यमंडळाला १९६८ साली छापलेलं एक तीन अंकी नाटक सापडलं. सगळं एका कचेरीत घडतं. लेखक हयात नाहीत. आता परवानगीची गरज आहे का? (सांगली)

बहुधा आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क (कॉपीराइट) चालू राहतात आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९६५ साली वारलेल्या लेखकाचे हक्क ३१ डिसेंबर २०२५ ला संपतात, १९७९ साली वारलेल्याचे ३१ डिसेंबर २०३९ ला. नाटक दोघांनी मिळून लिहिलं असेल तर जो मागून वारला त्याचं साल धरा. छपाईच्या सालाचा या हिशेबाशी संबंध नाही, आणि नेमकी तिथेच मंडळांची चूक होते. ‘पुस्तक जुनं आहे’ म्हणून ते हक्कमुक्त होत नाही. अपवाद लेखकाच्या पश्चात प्रथमच छापलेल्या नाटकाचा. तिथे साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात.

पुस्तकाच्या नावाच्या पानामागचं पान भिंगाखाली वाचा. जुन्या मराठी नाटकांत तिथे प्रयोगाचे हक्क कुणाच्या स्वाधीन आहेत ते पत्त्यासकट छापलेलं असतं, आणि पुष्कळदा ते नाव लेखकाच्या पत्नीचं असतं. शोध तिथून सुरू करा. पत्ता जुना असला तरी त्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडून पुढचा धागा मिळतो. नाही मिळाला तर प्रकाशक, मग लेखक ज्या कार्यालयात नोकरीला होते तिथली सेवानिवृत्तांची संघटना. ऑफिसवर लिहिणारे बरेच लेखक स्वतः ऑफिसातच होते, त्यामुळे ही शेवटची वाट आपल्या नाटकाला जास्त उपयोगी.

वारस एकाहून अधिक असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या, किंवा बाकीच्यांनी एकाला दिलेलं अधिकारपत्र घ्या. पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात : किती प्रयोग, कोणत्या मुदतीत, प्रत्येक प्रयोगाचं मानधन किती, आणि काटछाट करायची मुभा आहे का. चौथी विसरली जाते आणि भांडण त्यावरूनच होतं, कारण संहितेची मोडतोड झाली असं वाटलं तर हक्क सांगायची सोय वारसांना कायद्यात आहे.

हौशी मंडळानं प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेला प्रयोग कायद्याच्या दृष्टीनं हक्कभंग होत नाही. तरीही पत्राशिवाय तालीम सुरू करू नका. पुढे स्पर्धा आली, तिकीट लावावंसं वाटलं, की परवानगी लागतेच आणि तोवर नेपथ्याचा खर्च होऊन गेलेला असतो. आणखी एक तपासा : नावाखाली बारीक अक्षरात ‘रूपांतर’ किंवा ‘आधारित’ असं आहे का? असेल तर मूळ परभाषेतल्या लेखकाच्या हक्कांचा प्रश्न वेगळा उभा राहतो.

आमच्या प्रतीत दुसऱ्या अंकाची सहा पानं नाहीत. ती कल्पनेनं लिहून काढावीत का? (नाशिक)

आधी शोधा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. दोन्हींकडे जुन्या नाटकांचा मोठा साठा आहे. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकांना पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा कराव्या लागतात, आणि त्यांतलं एक मुंबईत टाउन हॉलच्या वास्तूत आहे. जाताना नाटकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल एवढं कागदावर लिहून न्या. नुसतं ‘ऑफिसवरचं ते नाटक’ म्हटलं तर कुणीही मदत करू शकणार नाही.

छापील प्रतीइतकीच मोलाची असते प्रॉम्प्टरची, म्हणजे विंगेतून नटांना वाक्यं सुचवणाऱ्याची वही. ज्या मंडळांनी नाटक केलं त्यांच्या माळ्यावर ती सापडते. तिच्यात प्रयोगातून आलेली भर, गाळलेली वाक्यं, हशा आला तिथे मारलेली फुली असं सगळं असतं. मात्र ती भर लेखकाची की नटाची हे ठरवता येत नसेल तर छापील पाठच घ्या.

प्रत टंकित करताना एका गोष्टीला फार जपा. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत, आणि सवयीनं त्यानंतरही काही वर्षं, न उच्चारले जाणारे अनुस्वार असत : ‘नाहीं’, ‘कां’, ‘टेबलावर फाईल ठेवली होती कीं’. आजचा पंचविशीतला नट ते नाकातून म्हणून मोकळा होतो. ‘केलें, झालें’ हे तर तो ‘केले, झाले’ असंच वाचतो आणि कारकुनाच्या तोंडी एकदम पाठ्यपुस्तक येतं. टंकित प्रतीत ‘केलं, झालं’ करून टाका. साहेबाचं औपचारिक बोलणं तेवढं ‘केले’वर ठेवा, तो फरक लेखकाला बहुतेक वेळा हवाच असतो.

तीन अंकांचं दोन अंकी कसं करायचं? कुठे कापायचं ते कळत नाही. (नागपूर)

प्रथम मोजा. अशा नाटकाच्या छापील पानावर साधारण अडीचशे शब्द असतात. रंगमंचावर, थांबे धरून, मिनिटाला सुमारे एकशे वीस शब्द होतात. शहाण्णव पानांचं नाटक म्हणजे चोवीस हजार शब्द, म्हणजे दोनशे मिनिटं. तुम्हाला दोन तास दहा मिनिटांत बसवायचं असेल तर शब्द साडेपंधरा हजारांवर आणावे लागतील; एक तृतीयांश जाणार. हे ‘इथे दोन ओळी, तिथे दोन ओळी’ करून साधत नाही.

मग एक मोठा कागद घ्या आणि त्यावर फाईलचा प्रवास काढा. चांगल्या ऑफिस-नाटकाचं कथानक माणसांपेक्षा कागदाच्या अंगानं चालतं. अर्ज आवक टेबलावर येतो, नोंद होते, लिपिक टिपणी लिहितो, हेडक्लार्क ‘चर्चा करावी’ असा शेरा मारतो, फाईल परत खाली येते, पताका (खुणेची चिठ्ठी) लावून पुन्हा वर जाते, साहेब दौऱ्यावर असतात. या प्रत्येक थांब्याला एक क्रमांक द्या. जी वाक्यं या थांब्यांपैकी एकालाही धरून नाहीत (हवापाण्याच्या गप्पा, घरच्या कटकटींची लांब भाषणं, अंकाच्या सुरुवातीला प्रेक्षक स्थिरस्थावर व्हावेत म्हणून घातलेला मजकूर) ती पहिल्यांदा काढा. एवढ्यानं निम्मं काम होतं. बाकीच्यासाठी दोन सारखी पात्रं एकत्र करता येतात का बघा. चार कारकुनांपैकी दोघं बहुतेक एकाच सुरात बोलत असतात.

कापू नये ते म्हणजे शिपायाच्या येण्याजाण्या. ‘साहेब आले नाहीत अजून’ एवढं सांगून जाणारी एन्ट्री फुकटची वाटते. पण पहिल्या अंकात ती तीनदा झाली असेल, तरच शेवटच्या प्रवेशात तोच शिपाई काही न बोलता फाईल ठेवतो तेव्हा प्रेक्षागृह हसतं. पहिल्या उडवल्या की शेवटची पडते, आणि मग नटाला दोष दिला जातो.

मध्यंतराची जागाही फाईलवरूनच ठरवा. फाईल हरवते किंवा चुकीच्या टेबलावर जाते, त्या क्षणी पडदा पाडा.

आजच्या प्रेक्षकासाठी टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आणि हातात मोबाइल दिले तर चालेल का? (ठाणे)

आमचं स्पष्ट मत : नाही. ही नाटकं वाट पाहण्यावर उभी आहेत. टेलिफोन एकच, तोही साहेबांच्या खोलीत. ट्रंक कॉल, म्हणजे एक्स्चेंजमार्फत परगावचा फोन, लावून ताटकळायचं. प्रत हवी तर पुन्हा टंकायची, नाहीतर स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल करायची. मोबाइल दिलात की दुसऱ्या मिनिटाला प्रेक्षक मनात म्हणतो, ‘अरे, मग फोन कर की त्याला’, आणि सगळा डोलारा खाली येतो. काळ तोच ठेवा आणि तो नेमका ठेवा.

नेमका ठेवायचा म्हणजे संहितेतल्या प्रत्येक व्यावहारिक उल्लेखाला साल चिकटवायचं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्यानंतरही बोलण्यात आणे, ‘चार आणे, आठ आणे’ राहिले, पण १९६४ पर्यंत नाण्यावर ‘नये पैसे’ होतं. शनिवारी अर्धा दिवस काम हा उल्लेख तसाच ठेवा. राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासूनचा आहे. निवृत्तीच्या वयावर विनोद असेल तर कार्यालय राज्याचं की केंद्राचं हे आधी बघा : केंद्रात १९९८ साली अठ्ठावन्नाचं साठ झालं, महाराष्ट्रात बहुतांश कर्मचाऱ्यांना अठ्ठावन्नच राहिलं. ‘साठीला आलेला हेडक्लार्क’ म्हणून सुधारणा केली आणि प्रेक्षागृहात मंत्रालयातले दहाजण बसले असतील तर ते पुढचा प्रवेश ऐकणार नाहीत.

एक गोष्ट मात्र बदलावी लागते. त्या काळच्या अशा नाटकांत टायपिस्ट मुलीवरचे शेरे सर्रास असत. पन्नास वर्षांपूर्वी त्यावर हशा यायचा, आज प्रेक्षागृह गप्प होतं आणि पुढची पाच मिनिटं परत येत नाही. वारसांशी बोलून निव्वळ शेरे काढा. जिथे तो शेरा कथानकाला लागतो, तिथे वाक्य ठेवा आणि तिची प्रतिक्रिया बसवा : टंकन थांबतं, दोन क्षण शांतता, मग टाइपरायटरची कॅरेज (कागद धरणारा सरकता भाग) खाडकन परत. एक शब्द न वाढवता प्रसंग तिच्या बाजूला झुकतो.

टेबलं, फाईली, मशीन वगैरे सामान नेमकं किती आणि कसं? (कोल्हापूर)

या प्रश्नाला जागा देतो, कारण प्रयोग इथेच उभा राहतो किंवा पडतो.

टेबलं पाचपेक्षा जास्त नकोत. प्रेक्षकांच्या बाजूला लिपिकांची दोन, मध्ये तिरकं हेडक्लार्कचं, एका कडेला आवक-जावकचं छोटं, आणि मागच्या बाजूला साहेबांची खोली. फाईलनं पुढून मागे, म्हणजे रंगमंचाच्या खोलीत प्रवास केला पाहिजे. टेबलं एका ओळीत मांडली की फाईल डावीकडून उजवीकडे सरकते आणि ‘वर जाणं’ दिसतच नाही. टेबलांची प्रेक्षकांकडची बाजू उघडी ठेवा. पाय हलताना, चपला काढलेल्या दिसल्या पाहिजेत.

साहेबांच्या खोलीला दोन्हीकडे उघडणारं झुलतं अर्धं दार करा. रुंदी तीन फूट, खाली दीड फूट मोकळं, वरची कड साडेपाच फुटांवर. आत उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय दिसतात आणि आतला आवाजही बाहेर येतो. स्प्रिंगची बिजागरी लावलीत तर दार नट गेल्यावरही चार-पाच वेळा झुलत आणि कुरकुरत राहतं, आणि नेमकं त्याच वेळी बाहेरच्या कारकुनाचं महत्त्वाचं वाक्य असतं. चौकटीला आतून फेल्टचा जाड तुकडा चिकटवा, बिजागरीला तेल प्रयोगाच्या आदल्या दिवशी द्या. त्याच दिवशी दिलं तर ठिबकून कपड्यांना लागतं.

फाईली साठेक लागतात. त्यांतल्या बारा खऱ्या, कागद भरलेल्या. उरलेल्यांत पुठ्ठा घालून सुतळीनं गठ्ठे बांधा. कागद ए-फोर नको. त्या काळी फुलस्केप होता, साधारण आठ बाय तेरा इंच. ए-फोर जुन्या फाईलमध्ये घातला की खाली रिकामी जागा राहते आणि फाईल उघडताच कागद घसरतात. ज्या फाईलभोवती नाटक फिरतं ती पाचव्या रांगेतूनही ओळखता आली पाहिजे : रुंद लाल फीत आणि एक दुमडलेला कोपरा पुरे. तिची हुबेहूब दुसरी प्रत विंगेत ठेवा. प्रत्येक प्रयोगात कुणीतरी ती चुकीच्या टेबलावर विसरतोच.

आतल्या कागदांवर खरा मजकूर लिहा, ‘मान्यतेस्तव सादर’ वगैरे शेऱ्यांसकट. नटाची वाक्यं मात्र फाईलमध्ये चिकटवू नका. नजर खाली खिळते आणि आवाज टेबलात जातो.

टाइपरायटर. भारतीय बनावटीचं गोदरेजचं यंत्र १९५५ पासूनचं, त्यामुळे त्याआधीच्या काळात नाटक घडत असेल तर रेमिंग्टन शोधा. यंत्राचं वजन पंधराएक किलो असतं. भाड्याचं हलकं टेबल त्याखाली डुलतं, म्हणून त्या एका टेबलाच्या पायांना आडव्या पट्ट्या मारा. जुना रबरी रूळ कडक झालेला असतो आणि एकटा कागद निसटतो. मागे दोन कोरे कागद जोडा. त्यानं आवाजही थोडा मऊ होतो, आणखी कमी हवा असेल तर यंत्राखाली फेल्ट घाला. कागदाची कड जवळ आली की घंटी वाजते. ती कोणत्या वाक्यावर वाजवायची हे ठरवून उजवा मार्जिन तिथे बसवा, तालमीत दहा वेळा करून बघा. कार्बन वापरायचा तर वापरून जुना झालेलाच. नवा कार्बन दोन प्रवेशांत पांढऱ्या सदऱ्यावर उमटतो.

बोलताना टंकन करायचं असेल तर नियम सोपा आहे : समोरच्याच्या वाक्यातल्या शेवटच्या तीन शब्दांवर कळ दाबायची नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ते खटखटाटात बुडालं की वाक्याचा अर्थच प्रेक्षकाला मिळत नाही.

टेलिफोन काळा, डायलचा. सहा आकडे फिरवायला आठ-नऊ सेकंद लागतात; शून्य फिरवला तर डायल परत यायलाच एक सेकंद. नट घाईनं दोनदाच फिरवतो, आणि ज्यांनी तो फोन वापरला आहे त्यांना ते लगेच खटकतं. पूर्ण फिरवा आणि ती सेकंदं दुसऱ्या पात्राच्या मूक कामाला द्या. घंटेचा स्पीकर टेबलाखालीच ठेवा. प्रेक्षागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून घंटा आली तर फोन भिंतीत असल्यासारखा वाटतो. ठरावीक लांबीचं ध्वनिमुद्रण वाजवू नका. नट दोन सेकंद उशिरा पोचला की गोंधळ. बटण दाबून वाजवणारा माणूस असा बसवा, की त्याला रिसीव्हरवरचा हात दिसेल.

आणि काचेचे पेपरवेट, किमान आठ. हे नुसतं काळाचं सामान नाही. वातानुकूलनाचा झोत काही नाट्यगृहांत थेट रंगमंचावर येतो आणि सुटे कागद पहिल्या रांगेत जाऊन पडतात.

भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून टाका आणि प्रत्येक ब्लॅकआउटला काटे हातानं हलवा. चालू घड्याळ दिसलं की प्रेक्षक स्वतःच्या मनगटाकडे बघतो.

संहिता पूर्वी मंजूर झालेली असणार. पुन्हा सेन्सॉर लागतो का? (पुणे)

महाराष्ट्रात प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. जुन्या प्रमाणपत्राचा क्रमांक मिळाला तर तो अर्जात जरूर लिहा. पण तुम्ही काटछाट केली असेल तर तुम्ही करणार ती, पानांना क्रमांक दिलेली, स्वच्छ टंकित प्रतच पाठवा. नाट्यगृहाची तारीख हातात येण्याची वाट न बघता संहिता पक्की झाली की अर्ज करा. कँटीनच्या प्रवेशात रेडिओवर जुनी गाणी वाजणार असतील तर त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. ते टाळायचं असेल तर नुसत्या बातम्यांचा सूर स्वतः मुद्रित करा.

कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी असंच एक नाटक घ्यायचं आहे. मुंबईचं ऑफिस बदलून पणजीचं केलं तर? (फोंडा)

नाटक १९६१ च्या आधीच्या काळातलं असेल तर मुळीच नको. तेव्हा गोव्यातला कारभार पोर्तुगीजमध्ये होता, अर्ज ‘पापेल सेलाद’वर, म्हणजे मुद्रांकित कागदावर व्हायचे, हुद्दे वेगळे, टिपणीची रीत वेगळी. नाव बदलून भागत नाही, नाटक नव्यानं लिहावं लागेल आणि त्याला रूपांतराची परवानगी लागेल. नंतरच्या काळातलं असेल तरी मुंबईच राहू द्या. ‘सहा-बाराची लोकल’ काढली की त्या कारकुनाची अर्धी घाई जाते.

तालमी किती आणि कशा? (जळगाव)

रोज दोन तास धरून सहा आठवडे. पहिला आठवडा फक्त वाचन, दुसऱ्यात हालचाली. तिसऱ्या आठवड्यापासून फाईली, फोन आणि यंत्र हातात हवंच. इतर नाटकांत सामान शेवटच्या आठवड्यात आलं तरी निभतं, इथे नाही. प्रत्येक वाक्याला हाताचं एक काम जोडलेलं असतं, आणि काम उशिरा आलं की पाठ झालेली वाक्यं विसरली जातात. ‘कोणती फाईल, कुणाच्या हातून, कोणत्या वाक्यावर, कुठे’ असा तक्ता विंगेत लावा आणि एकाच माणसाकडे फाईलींची जबाबदारी द्या. त्याला भूमिका देऊ नका.

पहिला प्रयोग झाला. पुढचा तीन महिन्यांनी आहे. सामान कसं ठेवावं? (सोलापूर)

टाइपरायटरची कॅरेज मधोमध आणून दोन्ही बाजूंचे लॉक असतील तर लावा, नाहीतर सुतळीनं बांधा. टेम्पोत ती सरकून घंटीची तार वाकते. शाईची फीत काढून रिळांसकट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, उघडी राहिली की वाळते. पावसाळा असेल तर फाईलींच्या गठ्ठ्यांत कडुलिंबाचा पाला ठेवा आणि महिन्यातून एकदा ऊन दाखवा. लाल फितीची ती फाईल मात्र गठ्ठ्यात न बांधता, दोन्ही प्रती वेगवेगळ्या माणसांच्या घरी ठेवा.